अपुऱ्याचा अभ्यास : मुराकामी आणि न चालण्याचा हट्ट

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग.)

विषय जाहीर झाला तेव्हा एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, आम्हाला कांट शिकवलात, आणि आता पळण्यावर व्याख्यान?" मी म्हटलं, पळण्यावर नाही, एका पुस्तकावर आहे. तो म्हणाला, "पुस्तक कशावर आहे?" मी म्हटलं, पळण्यावर. (हशा)

तर ते पुस्तक म्हणजे हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग'. जपानीत ते २००७ मध्ये आलं आणि फिलिप गॅब्रिएल यांचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये. मी अनुवादच वाचलाय, त्यामुळे भाषेच्या बारकाव्यांबद्दल बोलणार नाही. पुस्तकातल्या एका विचाराबद्दल बोलणार आहे. हा विचार मी एकदा फार मनावर घेतला होता आणि त्याची किंमतही मोजली होती. ती गोष्ट पुढे येईल.

आधी थोडी माहिती, कारण सभागृहात न पळणारी मंडळी जास्त दिसतायत. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते पहिल्यांदा धावलं गेलं आणि १९२१ मध्ये अधिकृत म्हणून ठरलं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की मॅरेथॉनची तयारी करणारा साधा, हौशी माणूस तयारीच्या काळात ४२ किलोमीटर सहसा एकदाही धावत नाही. आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी, तो एक लांब पल्ला धावतो. त्याला सगळे 'लाँग रन'च म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा लाँग रन हळूहळू वाढवत नेतात. अठरा, बावीस, सव्वीस, आणि सगळ्यांत लांबचा ३० ते ३२ किलोमीटरचा. तो स्पर्धेच्या साधारण तीन आठवडे आधी. मग अंतर कमी करत जायचं, पाय ताजे ठेवायचे, आणि थेट स्पर्धेलाच उभं राहायचं.

मग शेवटचे दहा किलोमीटर? त्यांचा सराव होत नाही. नेमका जो भाग सगळ्यांत कठीण, तोच कोरा राहतो. नाटकाच्या तालमी तिसऱ्या अंकाशिवाय करायच्या आणि तिसरा अंक थेट प्रयोगातच, असा हा प्रकार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही फसवणूक वाटली होती.

यामागे कारण आहे. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला, तो वेगात धावणाऱ्या माणसाला तीसेक किलोमीटरच्या आसपास अपुरा पडायला लागतो. धावणारे त्यालाच 'भिंत' म्हणतात. सावकाश लांब धावण्यानं शरीर चरबी जाळायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी केंद्रं वाढतात. पण एका मर्यादेनंतर मिळकत थोडी आणि झीज फार. सरावातच ४२ पळालात तर तीन आठवड्यांत शरीर भरून येत नाही, आणि स्पर्धेला तुम्ही दमलेलेच उभे राहता. म्हणून ३२ ला थांबायचं. आता हे ३२ तरी का? कारण ३२ किलोमीटर म्हणजे साधारण वीस मैल. मैलांत मोजणाऱ्यांना वीस हा गोल आकडा वाटला, इतकंच. किलोमीटरवाल्यांनी तो आकडा श्रद्धेनं उचलला. (हशा)

मंडळी, माझा प्रश्न इथून सुरू होतो. लाँग रन 'पूर्ण केला' असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय पूर्ण झालेलं असतं? अंतर तर मुद्दामच अपुरं ठेवलेलं आहे. बघायला कुणी नाही. शेवटी दोरी नाही, पदक नाही. ज्याच्यासाठी हे केलं ते अजून तीन आठवडे लांब आहे. अशा कृतीतलं यश कशावरून ओळखायचं? सरावाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाला या प्रश्नाला भिडावं लागतं. मुराकामी कुठे भिडतात आणि कुठे तो चुकवतात, ते आपण बघू.

मुराकामी १९८२ मध्ये पळायला लागले, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. त्याआधी ते टोकियोत जॅझ संगीताचा बार चालवत. तो बंद करून पूर्ण वेळ लेखक झाले, दिवसभर बसून वजन वाढायला लागलं, सिगारेटही फार होत होती, म्हणून पळणं. पुस्तकाचा मुख्य धागा २००५ मधला आहे. उन्हाळ्यात हवाईमधलं काउआई बेट, मग अमेरिकेतलं केंब्रिज आणि तिथला चार्ल्स नदीचा काठ, आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्क मॅरेथॉन. म्हणजे पुस्तकाचा सांगाडाच तयारीचा आहे. त्या अर्थी हे सरावाचं पुस्तक आहे, आणि याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. खेळावरची बहुतेक पुस्तकं विजयापासून मागे बघत लिहिलेली असतात. हे तसं नाही.

पण बारकाईनं वाचा. सराव पुस्तकात कसा येतो? एक तर आकड्यांत. जूनमध्ये २६० किलोमीटर, जुलैमध्ये ३१०, ऑगस्टात ३५०. किंवा दृश्यांत. नदी, ऊन, मागून येऊन सहज पुढे निघून जाणाऱ्या तरुण विद्यार्थिनी. ती पानं गोड आहेत. पण एकच धाव पायाखालच्या रस्त्यासकट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची असते, तेव्हा मुराकामी नेहमीच्या रविवारकडे जात नाहीत. ते असामान्य दिवसांकडे जातात. १९८३ चा ग्रीस, १९९६ चं सारोमा सरोवर, २००५ चं न्यूयॉर्क. साधा लाँग रन, ज्यात काहीच घडत नाही आणि ज्यावर बाकी सगळं उभं असतं, तो महिन्याच्या बेरजेत विरघळून जातो.

यातलं ग्रीसचं प्रकरण मला पुस्तकातलं सर्वोत्तम वाटतं. एका मासिकासाठी ते अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत धावतात, एकटे, जुलैच्या उन्हात. सोबत छायाचित्रकार गाडीतून. स्पर्धा नाही, प्रेक्षक नाहीत. तोवर ते पस्तीस किलोमीटरच्या पुढे कधी धावलेलेच नव्हते. म्हणजे खरं पाहिलं तर ही स्पर्धा नाहीच, हा एक फार लांबलेला लाँग रन आहे! रस्त्यावर गाड्यांखाली मेलेली कुत्री-मांजरं दिसतात, ती ते मोजत जातात. अंगावरचा घाम सुकून मीठ होतं. शेवटच्या टप्प्यात त्यांना सगळ्याचा राग यायला लागतो, फोटो काढणाऱ्यांचा, रस्त्याचा, उन्हाचा. आणि वाटभर डोक्यात एकच गोष्ट, थंडगार बिअर. अखेर पोचतात, ती बिअर पितात, आणि प्रामाणिकपणे सांगतात की पळताना जी डोक्यात होती, तिच्याइतकी काही ही चांगली नव्हती.

हे फार खरं आहे. शेवट हा प्रवासाची भरपाई करत नाही, एवढं मोठं सत्य एका बिअरच्या ग्लासात त्यांनी सांगितलं. माझ्या मते लाँग रनबद्दल इतकं अचूक या पुस्तकात दुसरीकडे कुठेच आलेलं नाही. आणि ते आलं, कारण तिथे जिंकण्यासारखं, सिद्ध करण्यासारखं काही नव्हतं.

आता सारोमा. उत्तर जपानमध्ये होक्काइदो बेटावर हे सरोवर आहे, तिथली १०० किलोमीटरची शर्यत. ५५ किलोमीटरवर कपडे बदलायचा थांबा. तिथून पुढची वीस किलोमीटर ते असह्य म्हणून सांगतात. मांस दळायच्या यंत्रातून कुणीतरी आपल्याला काढतंय, असं. मग ते स्वतःला बजावतात, की मी माणूस नाही, यंत्र आहे, यंत्राला काही वाटत नसतं. पंचाहत्तराच्या आसपास काहीतरी उलटतं, दुखणं मागे पडतं, 'मी' पातळ होत जातो, आणि ते ११ तास ४२ मिनिटांत शर्यत पुरी करतात. या सगळ्यात नियम एकच. थांबून पाय ताणायला हरकत नाही, पण चालायचं नाही. आपण इथे चालायला आलेलो नाही, पळायला आलोय, ही त्यांची भूमिका. आणि पुस्तकाच्या शेवटी ते म्हणतात की आपल्या थडग्यावर इतर गोष्टींबरोबर हेही कोरलेलं असावं, की हा माणूस निदान शेवटपर्यंत कधी चालला नाही.

इथे माझा मतभेद सुरू होतो.

गंमत बघा. हे वाक्य मराठीत आणून पाहिलं तर काय होतं? "तो कधी चालला नाही." नाटक चाललं नाही, नाणं चाललं नाही, तसा हाही चालला नाही! (हशा) आपल्या भाषेत चालणं म्हणजे सुरू असणं, टिकणं. दुकान चालतं, श्वास चालतो. जमत असेल तर आपण म्हणतो 'चालेल'. हा निव्वळ शब्दखेळ समजू नका. चालणं म्हणजे पराभव, हे सगळीकडे गृहीत नाही, एवढं तरी यातून दिसतं. मुराकामींनी ती व्याख्या स्वतःसाठी केली. त्याला माझी हरकत नाही. धावणं सगळ्यांनी करावं असं ते कुठेच म्हणत नाहीत, उलट कुणाला आग्रह करू नये असंच म्हणतात. पण पुस्तक एकदा बाहेर पडलं की लेखकाचा खाजगी नियम वाचकाची नीती होऊन बसतो.

माझी झाली. डिसेंबर २०११. मी एकसष्ट वर्षांचा, नुकताच निवृत्त. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची होती आणि त्या रविवारी माझा सगळ्यांत लांबचा लाँग रन होता, बत्तीसचा. मी आठ किलोमीटरची एक फेरी आखली होती, घरापासून पाषाण तलावाकडे जाऊन परत. अशा चार. फेरीचा फायदा असा की पाणी घरी मिळतं. तोटा असा की दर आठ किलोमीटरला स्वतःच्या घराचं फाटक समोर येतं. (हशा)

पावणेपाचला निघालो. पहिली फेरी अंधारात, दुसऱ्या फेरीला फूटपाथवर पेपरवाले रविवारच्या पुरवण्या आत घालत बसलेले. तिसऱ्या फेरीत डाव्या नडगीत, आतल्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी दुखायला लागलं. स्नायू दुखतो तो पसरून दुखतो. हे एका बिंदूत दुखत होतं. चोवीस किलोमीटरला फाटकाशी आलो, तेव्हा ही लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेऊन उभी होती. तिनं मला शंभर पावलं लांबून येताना पाहिलं असेल. म्हणाली, "अहो, पाय ओढताय तुम्ही. बस करा आता. नाहीतर चालत तरी जा."

आणि मी मनात काय म्हटलं? मी म्हटलं, मी चालायला आलेलो नाही. अक्षरशः मुराकामी! चौथी फेरी मी पळालो. तिला पळणं म्हणायचं तर म्हणा. बत्तीस पूर्ण झाले. घड्याळ थांबवलं. फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जमिनीला टेकवेना. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. आठ आठवडे विश्रांती. मॅरेथॉनच्या दिवशी मी घरी खुर्चीवर, पाय स्टुलावर. (थोडा वेळ शांतता)

यात दोष मुराकामींचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. पण समीक्षक म्हणून मला हा प्रश्न टाळता येत नाही, की त्या पुस्तकात असं काय आहे जे मला चौथ्या फेरीला घेऊन गेलं, आणि असं काय नाही जे मला फाटकाशी थांबवू शकलं असतं?

पुस्तकात संकल्पशक्ती आहे. स्नायूंना ते ओझं वाहणाऱ्या, लवकर शिकणाऱ्या जनावरांची उपमा देतात. त्यांना हळूहळू सवय लावा, पण सूट देऊ नका, नाहीतर ते शेफारतात. उपमा सुंदर आहे. पण तिच्यात मालक एकच, जनावराला बोलायचा अधिकार नाही. ज्यानं खरोखर बैल राखलेत त्याला विचारा. बैल लंगडायला लागला तर तो आधी थांबून खूर बघतो. लाँग रनमध्ये नडगी जे बोलत होती ती माहितीच होती, आणि मी ती बंडखोरी समजलो.

अ‍ॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रात एक फरक केलाय, तो इथे कामाला येतो. गुण सवयीनं अंगी येतात, धैर्याची कृत्यं करूनच माणूस धीट होतो, हे तो सांगतोच. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट लागते, तिला आपण व्यवहारातला विवेक म्हणू. किती, केव्हा, कुठवर, हे ओळखण्याची नजर. तो नसेल तर धैर्याचं धाडस होतं. मुराकामींच्या पुस्तकात सवय भरपूर आहे, विवेक कमी आहे. आणि लाँग रन ही तर विवेकाचीच परीक्षा. विचार करा, त्यातली प्रत्येक अट संयमाची आहे. स्पर्धेच्या वेगापेक्षा सावकाश पळा. जमत असलं तरी ३२ च्या पुढे जाऊ नका. बरेच प्रशिक्षक तर सांगतात की किलोमीटर सोडा, तीन-साडेतीन तास झाले की थांबा. संपूर्ण कृतीच स्वतःला आवरण्याची आहे. तिच्यात 'काहीही झालं तरी थांबणार नाही' हा बाणा घेऊन शिरणं म्हणजे ध्यानाला बसून स्पर्धा लावण्यासारखं आहे.

आपल्याकडे यासाठी एक नेमकी जोडी आहे. पतंजलींनी योगसूत्रांत चित्तवृत्तींच्या निरोधासाठी दोन गोष्टी एकत्र सांगितल्या, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे दीर्घकाळ, खंड न पडू देता, आदरानं केलेला यत्न. हे मुराकामींना पूर्ण लागू पडतं. पण अभ्यासाच्या शेजारी लगेच वैराग्य ठेवलेलं आहे, हे आपण विसरतो. वैराग्य म्हणजे उदास होणं नव्हे. ज्याची ओढ लागलीय त्यावरची पकड सैल करता येणं. लाँग रनमध्ये ओढ कशाची असते? आकड्याची. बत्तीस. माझा अभ्यास पक्का होता, वैराग्य शून्य. चोवीसला थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? वहीत २४ लिहावं लागलं असतं. बस, एवढंच.

आणखी एक गोष्ट या पुस्तकातून सुटते. ती म्हणजे सोबत. मुराकामींना एकटं पळायला आवडतं, एकांत ही त्यांची गरज आहे, तसं ते सांगतात. याआधीची इंग्रजीतली प्रसिद्ध कथा घ्या, अ‍ॅलन सिलिटो यांची 'द लोनलीनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर', १९५९ ची. तिच्या नावातच एकाकीपणा. बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातला स्मिथ पहाटे एकटा सरावाला जातो, तोच त्याचा मोकळा वेळ. आणि प्रत्यक्ष शर्यतीत, जिंकत असताना, शेवटच्या रेषेआधी मुद्दाम थांबतो, कारण ती जीत सुधारगृहाच्या प्रमुखाची ठरली असती. न थांबणाऱ्या मुराकामींशेजारी हा थांबणारा स्मिथ ठेवून बघा. थांबण्यालाही अर्थ असू शकतो, हे सिलिटोला दिसलं. पण एकटेपणाचा रोमँटिक रंग दोघांकडेही आहे.

प्रत्यक्ष इतिहास वेगळा आहे. आजच्या लाँग रनला घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड. ऑकलंडजवळच्या डोंगराळ भागात वायटारुआ नावाचा २२ मैलांचा, म्हणजे पस्तीसेक किलोमीटरचा वळसा होता. रविवारी त्यांची पोरं तो पळायची, एकत्र. मॅरेथॉन धावणारे तर होतेच, पण ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलसुद्धा! लोकांना हे वेडेपण वाटे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेल ८०० मीटरला आणि मरे हॅलबर्ग ५००० मीटरला सुवर्णपदक घेऊन आले, तेही एकाच दिवशी. बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्य. आणि त्या रविवारच्या वेगाची कसोटी काय? शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला.

मला ही कसोटी फार आवडते. सोबत इथे मापाचं साधन आहे. तुमचा श्वास बरोबर आहे की नाही हे दुसऱ्याशी चाललेल्या गप्पांवरून कळतं. मी डिसेंबरात फाटकाशी उभा होतो तेव्हा हिच्याशी दोन वाक्यं नीट बोललो असतो, तर मलाच माझं उत्तर ऐकू आलं असतं. मी बोललो नाही. मान हलवली आणि निघालो.

आता मुराकामींच्या बाजूनं बोलतो, नाहीतर अन्याय होईल. या पुस्तकाचं बळ त्याच्या उपदेशात नाही, त्याच्या कबुलीत आहे. वय वाढतं तशा वेळा खालावतात. कितीही सराव केला तरी न्यूयॉर्कला मनासारखं जमत नाही, पायात गोळे येतात. सारोमानंतर तर धावण्यातला रसच बराच काळ गेला, हे त्यांनी लपवलेलं नाही. शंभर किलोमीटर न चालता पुरे केले, आणि हाती काय आलं? एक उदासी! हे त्यांनी स्वतः लिहिलंय. म्हणजे न चालण्याच्या व्रताविरुद्धचा सगळ्यांत मोठा पुरावा त्यांच्याच पुस्तकात आहे. लेखक मुराकामींना जे दिसलं ते धावपटू मुराकामींनी मान्य केलं नाही. चांगल्या पुस्तकात असं होतं. ते आपल्याच सिद्धांतापेक्षा जास्त जाणतं. म्हणून मी हे पुस्तक आजही लोकांना देतो. फक्त देताना सांगतो की ग्रीसचं प्रकरण दोनदा वाचा, आणि थडग्यावरचा मजकूर वाचून सोडून द्या.

मग लाँग रन पूर्ण कधी होतो? माझं उत्तर असं, की पुढच्या रविवारी पुन्हा निघता येईल अशा अवस्थेत तुम्ही घरी आलात, तर तो पूर्ण झाला. अंतर कितीही भरलेलं असो. त्याचं माप मागे पडलेल्या किलोमीटरांत नाही, उरलेल्या शक्यतेत आहे. शेवटचे दहा किलोमीटर कोरे ठेवण्यात जो शहाणपणा आहे तोच हा. काहीतरी न केलेलं शिल्लक ठेवून थांबता येणं. पुस्तक लिहिणारे, संशोधन करणारे, संसार करणारे, सगळ्यांनाच हे कधी ना कधी शिकावं लागतं. मी उशिरा शिकलो.



(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, आपल्याकडे वारीत लाखो लोक इतकं अंतर सहज चालतात. मग लाँग रनचं एवढं कौतुक कशाला?

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. (हशा) ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाटातून सासवडला जाते, तो टप्पा तीसेक किलोमीटरचा. म्हणजे आकडा जवळजवळ आपल्या लाँग रनचाच. पण दोन्ही एक आहेत असं मी म्हणणार नाही. वारी कशाची तालीम नाही. सासवडचा टप्पा पुढच्या कुठल्या परीक्षेसाठी चालत नाहीत, ते चालणं हीच उपासना. लाँग रन मात्र तालीमच आहे, त्याला वारीची पवित्रता चिकटवू नये. फक्त एक गोष्ट घ्यावी. तिथे दमलेला माणूस झाडाखाली बसतो, कुणीतरी त्याचे पाय चेपून देतं, तो पुन्हा दिंडीत मिसळतो. तो बसला म्हणून त्याची वारी मोडली असं कुणी म्हणत नाही.

प्रश्न : तुम्ही नंतर मॅरेथॉन केलीत का?

केली. दोन वर्षांनी, मुंबईलाच. पहिल्यापासून ठरवून, नऊ मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं. ही पद्धत माझी नाही, अमेरिकेचे ऑलिम्पिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ती लोकप्रिय केली. पेडर रोडच्या चढावर तर पूर्ण चाललो. वेळ विचारू नका. (हशा) त्याआधीच्या लाँग रनला चोवीस किलोमीटरवर फाटकाशी आलो, तेव्हा ही पाणी घेऊन उभी होतीच. या वेळी मीच विचारलं, "कसा दिसतोय पाय?" तिनं जरा चालून दाखवायला सांगितलं. मी चाललो. म्हणाली, "चालेल."